उजवी नळी

रिटायर झाल्यावर आपल्याला कोणी काही तपासायला सांगणार नाही, अशी वसुधाची समजूत होती. बंदुकांच्या फॅक्टरीच्या तपासणी विभागात तिची सगळी नोकरी गेली. समोर आलेला भाग मोजायचा, भिंगाखाली धरायचा आणि पास की नापास तेवढं सांगायचं. ते काम संपलं आणि नवऱ्याचं दुखणं सुरू झालं; दवाखान्याच्या चकरा, डायलिसिस, रात्रीची जागरणं. मागच्या पावसाळ्यात तेही संपलं. तेव्हापासून गढा भागातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहत होती. सकाळी उठायचं, चहा करायचा आणि पुन्हा पडून राहायचं. कोणी विचारलं तर म्हणायची, "थोडी थकून राहिली मी आजकाल." ते 'थोडी' खरं नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी प्रणोतीचा फोन आला. प्रणोती ही तिच्या मोठ्या भावाची सून.

"आत्या, आज राइट टाउनला येऊन जा न. पप्पांनी बंदुकीचा विषय काढला पुन्हा."

"काय म्हणून राहिला दादा?"

"इथे या, मग सांगते. ते जवळच बसले आहेत."

वसुधानं गुडघ्याला पट्टा बांधला आणि ऑटो केला.

दादा, म्हणजे चंद्रशेखर, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. रेल्वेतून निवृत्त झालेला. वर्षापूर्वी लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली. पुढे जीभ बरीचशी परत आली, पाय काठीच्या आधारानं चालू लागला. उजवा हात मात्र आला नाही. घरात एक जुनी दुनळी बंदूक होती, आजोबांच्या वेळची, बेल्जियमची. सिव्हिल लाइन्समधला कोणी साहेब गाशा गुंडाळून निघाला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात आजोबांनी ती घेतली होती. आजोबांनंतर वडिलांकडे, अण्णांकडे, आणि अण्णांनंतर दादाच्या नावावर लायसन आलं. दसऱ्याला तिची पूजा व्हायची, तेल लागायचं आणि ती पुन्हा कपाटात जायची. ती वाजल्याला तीसेक वर्षं तरी झाली असतील.

आलोकनं, म्हणजे दादाच्या मुलानं, आत्याला दारातूनच थेट स्वयंपाकघरात नेलं.

"आत्या, पप्पा बंदूक जमा करायला तयार झाले. फायनली. लायसन मला माझ्या नावावर नाही करायचं, ते त्यांना पटलं. पर एक शर्त है."

"काय?"

"एकदा वाजवणार म्हणतात. स्वतःच्या हातानं. मग घेऊन जा म्हणतात."

"त्या हातानं?"

"तेच तर!" प्रणोती गॅस बारीक करत म्हणाली. "आम्ही म्हटलं, पप्पा, इतकी जुनी बंदूक, फुटून गेली तर? तर म्हणाले, वसूला दाखवा. वसू पास करेल तर वाजवीन, ती नाही म्हणाली तर विषय बंद."

आलोकनं दार थोडं लोटलं. "तुम्ही फक्त एवढं सांगा की नळी खराब आहे. दुसऱ्या कोणाचं ते ऐकणार नाहीत. आणि खराब असेलच न? सवाशे वर्षांची चीज आहे."

"असेल," वसुधा म्हणाली. तिलाही तसंच वाटत होतं. असली तर बरंच होतं. संध्याकाळच्या आत घरी जाऊन पाठ टेकता आली असती.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून तिनं बंदूक घेतली. दादा खुर्ची ओढून शेजारी बसला. आधी तिनं बंदूक उघडून दोन्ही नळ्यांत काही नाही ना, ते पाहिलं आणि बोट घालून पुन्हा पाहिलं. मग नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या. त्यांच्यावर बारीक लाटांची नक्षी होती, लोखंड आणि पोलाद पिळून एकत्र ठोकल्याची. जुन्या कारागिरांची ती करामत दिसायला देखणी असते, पण आतून कुठे सांधा सुटलेला असेल ते डोळ्यांना कळत नाही.

"सुतळी आण," तिनं प्रणोतीला सांगितलं. सुतळीच्या फासात नळ्या लटकवून तिनं त्यांच्यावर लाकडी चमच्यानं हलकेच ठोका मारला. घंटेसारखा नाद उठला आणि लांबत गेला. कुठे फाटला नाही.

"वाजली!" दादा म्हणाला.

"नुसत्या वाजण्यानं काही होत नाही. थांब."

तिनं नळ्या खिडकीकडे धरून आत पाहिलं. उजवी स्वच्छ होती, जुन्या आरशासारखी थोडी मंद. डाव्या नळीत मात्र टोकाकडे काळे खळगे दिसत होते, देवीचे व्रण असावेत तसे. मग तिनं नळ्यांची खालची बाजू पाहिली. तिथे कारखान्याच्या परीक्षेचे शिक्के होते; जुन्या काळ्या बारुदीचा एक आणि त्यानंतर कधीतरी नव्या, बिनधुराच्या बारुदीसाठी मारलेला दुसरा. हे तिला अपेक्षित नव्हतं. म्हणजे मध्ये कोणीतरी ही बंदूक पुन्हा जोराचा बार भरून पारखून घेतली होती.

नळ्या जोडून तिनं सांध्यात कागदाची पट्टी घातली आणि बंदूक मिटली. पट्टी हलेना. बिजागरी घट्ट होती. घोडे मागे ओढून पाहिले. उजवा नीट अडकला, डावा अर्ध्यावर धरला की अंगठ्याच्या दाबानं निसटत होता. दस्ता सरळ होता, मानेपाशी चीर नव्हती. फक्त मागच्या टोकाचा एक टवका उडालेला होता आणि तिथलं लाकूड आतून पांढरं, ताजं होतं.

"हे कधीचं?"

"जुनं असेल," दादा म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

वसुधानं जास्त विचारलं नाही. जुन्या लाकडाचा टवका असा पांढरा राहत नाही, हे तिला कळत होतं.

"नळीची जाडी इथे नाही मोजता येणार," ती म्हणाली. "त्याला लांब दांड्याचं माप लागतं. उद्या दुकानात नेऊ."

आलोकनं आत्याकडे जरा चिडून पाहिलं. आजच होऊन गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी आलोकच्या गाडीत बसून ते दादासकट बंदुकीच्या दुकानात गेले, कारण लायसन दादाचं होतं. दुकानदार वसुधाला ओळखत होता. त्यानं माप काढून दिलं आणि तो बाजूला झाला. वसुधानं स्टुलावर बसून दोन्ही नळ्यांची जाडी इंच इंच मोजत नेली. पाठ दुखायला लागली. डोळ्यांवर ताण आला. गेली दोन वर्षं हे सगळं सुटलं म्हणून ती सुखावली होती, आणि आता पुन्हा तोच काटा, तीच रेघ, तोच श्वास रोखून धरणं.

डावी नळी खळग्यांपाशी फारच पातळ भरली. दुकानदारानंही पाहिलं. "लेफ्ट वाली तो गई, दीदी."

"आणि राइट?"

त्यानं मापावरची सुई पाहिली, मग नळी. "राइट में तो जान है अभी. बस कारतूस छोटा और हलका डालना."

ते तिलाही माहीत होतं. जुन्या बंदुकीत काडतुसाची जागा आखूड असते. आजचं लांब काडतूस तिच्यात बसतं, म्हणून माणूस फसतो. सुटताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. दुकानदाराकडे आखूड, हलकी काडतुसं होती.

दादा गाडीतच बसून होता. काचेआडून त्याचा चेहरा दिसत होता. वसुधाला एकदम फार कंटाळा आला, सगळ्याचाच. बंदूक सपशेल खराब निघाली असती तर किती सोपं झालं असतं. सपशेल चांगली निघाली असती तरी चाललं असतं. ही अशी अर्धी निघाली.

घरी येऊन चहा झाला. प्रणोती पदराला हात पुसत दारात उभी राहिली, आलोक सोफ्याच्या कडेला बसला. दादानं कप डाव्या हातानं सावकाश खाली ठेवला.

"बोल, वसू."

"डावी नळी गेली आहे, दादा. गंजानं आतून खाल्ली. तिच्यात काडतूस घालायचंच नाही."

आलोकनं सुस्कारा सोडला. "देखा पप्पा? मैं बोल ही रहा था."

"अच्छा," दादा म्हणाला. "चलो. नाही तर नाही. वसूनं सांगितलं म्हणजे झालं. आलोक, सोमवारी जमा करून दे."

इतकं बोलून त्यानं टीव्हीच्या रिमोटकडे हात नेला.

वसुधा त्याच्याकडे पाहत राहिली. आपल्या भावाला ती ओळखत होती. भाजीवाल्याशी एका टमाट्यावरून भांडणारा माणूस. दोन नळ्यांची बंदूक आणि त्यानं दुसरीबद्दल विचारलंच नाही. विचारायचंच नव्हतं त्याला. ती सांगत होती ते खरंच होतं, आणि तेवढ्यावर थांबता येत होतं. आलोक खूश, प्रणोती खूश, दादासुद्धा सुटला. चप्पल पायात घालून निघायचं, एवढंच बाकी होतं. ती उठलीसुद्धा. मग पुन्हा बसली.

"उजवी ठीक आहे," ती म्हणाली.

आलोकची मान खाली गेली. प्रणोतीनं "आत्या!" म्हणून अर्धवट शब्द काढला आणि गिळला.

दादाचा चेहरा उतरला होता. रिमोट हातात तसाच राहिला. "काहून सांगितलं तू?" तो हळू म्हणाला.

"तूच म्हणाला न, वसूला दाखवा."

"मी डाव्या नळीवर थांबलो होतो न. तूही थांबायचं."

"टवका कशानं उडाला, दादा?"

त्यानं रिमोट खाली ठेवला. मग म्हणाला, "दिवाळीनंतर. हे दोघं बाजारात गेले होते. उचलून पाहिली. एका हातानं वर येईना, मग पोटाला टेकवून, खुर्चीला टेकवून... पडली हातातून." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, तू बंदुकीलाच नापास करशील. मग माझ्या हाताचं नाव निघणार नाही."

आलोक उठून खिडकीपाशी गेला. त्याला हे माहीत नव्हतं.

"मी काही कोणाला नापास करायला आले नव्हते," वसुधा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढवायला त्राणच नव्हतं. "पण खोटंही नाही बोलवत रे आता. खोटं बोललं की ते जपत बसावं लागते. तू दसऱ्याला मला विचारशील, हा आलोक तुला काहीतरी सांगेल, मी दुसरंच सांगेन. कोण लक्षात ठेवेल? मी थकले. बंदुकीची उजवी नळी चांगली आहे आणि तुझा उजवा हात चांगला नाही. दोन्ही मला आज पाहून दिसलं, ते सांगितलं. आता काय करायचं ते तुम्ही पाहून घ्या."

प्रणोती पुढे येऊन दादाच्या खुर्चीजवळ खाली बसली. तिनं नुसता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दादानं बाहीनं डोळे पुसले. नाक ओढलं. आणि मग जुन्या दादासारखं, थोडं खवचटपणे विचारलं, "ठीक आहे म्हणते. तू खांद्याला लावशील?"

हा प्रश्न वसुधाला आयुष्यात कोणी केला नव्हता. फॅक्टरीत पारख व्हायची ती भिंतीआडून, दोरी ओढून. तिनं पास केलेलं पुढे कोणीतरी कुठेतरी खांद्याला लावायचं, तिनं त्याला कधी पाहिलंही नाही. बंदूक फुटते तेव्हा नळीखालचा हात आधी जातो, हे मात्र तिनं फोटोंत पाहिलं होतं.

तिनं थोडा विचार केला. घाईनं हो म्हणायचं नव्हतं.

"लावीन," ती म्हणाली. "पण आधी दोरीनं. दोरी तू ओढायची."

नेमबाजीच्या रेंजचे सेक्रेटरी तिच्या नवऱ्याचे जुने मित्र होते. त्यांनी कागद पाहिले, रविवारी सकाळी या म्हणाले. त्या दिवशी धुकं उतरायला वेळ लागला. दादाला स्वेटर, मफलर, कानटोपी घालून प्रणोतीनं गाडीतून उतरवलं आणि त्याची खुर्ची भिंतीआड ठेवली. सेक्रेटरींनी ट्रकचं एक जुनं टायर आणलं होतं. आलोकनं बंदूक त्यात घट्ट बांधली, नळी मातीच्या बांधाकडे करून. उजवीत आखूड काडतूस गेलं. डावी रिकामी. वसुधानं गाठी तपासल्या, चापाला दोरी बांधली आणि तिचं टोक भिंतीआड आणून दादाच्या डाव्या हाताला दोन वेढे दिले.

"ओढू?"

"थांब." तिनं सगळ्यांना कानांत घालायला कापूस दिला. "आता ओढ."

पहिल्यांदा दोरी नुसतीच ताणली गेली. दादानं ओठ आवळून पुन्हा ओढली. आवाज झाला, टायर मागे सरकलं, आणि समोरच्या बांधावरून धूळ उडाली. दादानं दोरी हातातून सोडली नाही.

वसुधानं तिथेच उकिडवं बसून नळी पाहिली. बाहेरून मापानं घेर पाहिला, कुठे फुगला नव्हता. आतून पाहिलं. सांध्यात कागदाची पट्टी घातली. मग दुसरं काडतूस. पुन्हा दोरी, पुन्हा तेच. तिसरं झाल्यावर तिनं बंदूक टायरमधून सोडवली.

"आत्या, राहू द्या न," आलोक म्हणाला. "हो गया. पप्पा, झालं न तुमचं?"

दादा बहिणीकडे पाहत होता. त्याला म्हणायचं होतं की राहू दे, ते तिला दिसलं. पण तो म्हणाला नाही आणि त्याचं तिला बरं वाटलं.

सेक्रेटरींनी तिला उभं कसं राहायचं ते दाखवलं. डावा पाय पुढे, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट, गाल लाकडाला. लाकूड थंडगार होतं, त्याला दसऱ्याच्या तेलाचा वास होता. नळीखाली धरलेला स्वतःचा डावा हात तिला दिसत होता, त्यावरची नवऱ्यानं दिलेली अंगठी. तीन बार नीट सुटले म्हणजे चौथा सुटेलच असं कोणी लिहून देत नाही, हे तिच्याइतकं तिथे कोणाला माहीत नव्हतं. हात काढून घ्यावासा वाटला. मापं तिनं मनातल्या मनात पुन्हा एकदा चाळली. चूक कुठे सापडेना.

मागे प्रणोतीनं सासऱ्याच्या उजव्या कानावर आपला तळवा धरला. डावा कान त्यानं स्वतः झाकला.

वसुधानं चाप ओढला.

खांद्याला दणका बसला आणि ती एक पाऊल मागे गेली. कानात शिटी वाजत राहिली. हात जागेवर होता. नळीही जागेवर होती, टोकातून पातळ धूर निघत होता. तिनं बंदूक उघडली, रिकामं काडतूस काढलं, पुन्हा आत पाहिलं आणि मगच मागे वळली.

दादा हसत होता. एका बाजूचे ओठ वर गेले होते, दुसरी बाजू तशीच होती. "मागे सरकली तू! अण्णा पण असेच सरकायचे. आम्हाला सांगायचे, मी मुद्दाम सरकतो."

"मी नाही मुद्दाम सरकले."

"अजून एक?"

"नाही," वसुधा म्हणाली. "पुरे आता. बसू दे मला."

आलोकनं तिला स्टूल दिलं आणि थर्मासातला चहा. दादानं रिकामं काडतूस मागून घेतलं, नाकाशी धरलं, वास घेतला आणि प्रणोतीला दिलं. मग तो म्हणाला, "चलो," आणि स्वतःच काठी शोधू लागला. गाडीत बसल्यावर त्याला लगेच झोप लागली.

सोमवारी आलोकनं बंदूक आणि कागद घेऊन दुकानदारासोबत जमा करण्याचं काम उरकलं. दादा दारापर्यंत आला आणि गाडी जाईपर्यंत उभा राहिला, एवढंच. प्रणोतीनं तसं फोनवर सांगितलं. नंतर जेवला, वरण-भात दोनदा घेतला.

वसुधाचा खांदा काळानिळा झाला होता. हात वर जाईना. वेणी घालायला शेजारच्या शर्मिलाला बोलवावं लागलं. शर्मिलानं विचारलं, काय झालं? वसुधा म्हणाली, बंदूक लागली, आणि शर्मिलाचा विश्वास बसला नाही.

संध्याकाळी दादाचा फोन आला. हल्ली तो स्वतः नंबर लावत नसे.

"दुखून राहिला का खांदा?"

"हो."

"माझाही हात दुखून राहिला. डावा. दोरीनं."

"शेक दे."

"प्रणोतीनं दिला." मग त्यानं विचारलं, "काय केलं आज जेवायला?"

"काही नाही रे. खिचडी टाकते आता."

"टाक," दादा म्हणाला. "मी बसतो फोनवर, तू टाक."

वसुधानं फोन ओट्यावर उभा ठेवला आणि डाव्या हातानं तांदळाचा डबा ओढला.